नाताळातली लाकडी घरं

डिसेंबर उजाडला की आपल्या फोनवर परदेशातल्या नातेवाईकांचे फोटो येऊन पडायला लागतात. आता तालुक्याच्या गावातही गल्लीत एक तरी घर असं सापडतंच, जिथला मुलगा, नाहीतर भाची, नाहीतर दीर अमेरिकेत आहे. फोटोही ठरलेले. दारात बर्फाचा ढीग, आत सजवलेलं झाड, झाडाखाली कागदात गुंडाळलेल्या भेटवस्तू आणि सगळ्यांच्या अंगात लाल स्वेटर. त्यामुळे अमेरिकेतला नाताळ म्हटलं की बर्फ हवाच, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

पण सॅन फ्रान्सिस्कोत नाताळात बर्फ पडत नाही. धुकं असतं, समुद्रावरून येणारं बोचरं वारं असतं, अधूनमधून पावसाची रिपरिप असते. आपल्याकडे महाबळेश्वरला शाल घेऊन हिंडतो ना, साधारण तशी हवा. पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो आणि मग त्या शहरातल्या जुन्या वस्त्या जी काही नजरबंदी करतात, ती पाहण्यासारखी असते. २०२३ च्या डिसेंबरात धाकट्या बहिणीकडे गेले होते. ती राहते फ्रीमाँटला. तिथून रेल्वेने खाडीखालच्या बोगद्यातून शहरात जाता येतं. दुकानांची रोषणाई एका संध्याकाळीच पाहून झाली. जुन्या घरांसाठी मात्र मी तीनदा गेले. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, तुला इथे घर घ्यायचंय का?"

या घरांना सगळे 'व्हिक्टोरियन' म्हणतात. व्हिक्टोरिया राणी इंग्लंडची. ती १८३७ ते १९०१ गादीवर होती. अमेरिका तर तिच्या कितीतरी आधी इंग्रजांच्या तावडीतून सुटलेली. तरी त्या काळातल्या घरांना, फर्निचरला, कपड्यांना, अगदी चहाच्या कपालाही नाव मात्र राणीचंच. आपण नाही का 'पेशवेकालीन' म्हणतो, मग त्या वाड्याने पेशवा पाहिलेला असो वा नसो!

हे शहर वाढलं ते सोन्यामुळे. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि हजारभर वस्तीचं गाव दोनेक वर्षांत पंचवीस हजारांच्या घरात गेलं. १९०० सालापर्यंत तिथे साडेतीन लाखांच्या आसपास माणसं झाली होती. एवढ्या माणसांना घरं हवीत. उत्तरेकडच्या जंगलात रेडवूड नावाचं तांबूस लाकडाचं प्रचंड झाड मुबलक होतं. वाफेच्या यंत्रांवर त्याचे खांब, कठडे, महिरपी, फुलं, वेलबुट्ट्या कापून मिळायच्या. म्हणजे ज्या नक्षीकडे आपण आ वासून पाहतो, ती काही प्रत्येक घरासाठी सुताराने महिनोन्महिने बसून कोरलेली नाही. पुस्तकात नमुने पाहायचे, पसंत पडेल ते मागवायचं आणि घराच्या तोंडावर ठोकायचं! ठरावीक घाटाची घरं ओळीने बांधून हप्त्याने विकणाऱ्या कंपन्याही होत्या. हे कळल्यावर माझा जरा विरस झाला. मग वाटलं, का बरं? सामान्य कारकुनाला, दुकानदाराला नक्षीचं घर परवडलं ते यंत्रामुळेच. नक्षी फक्त सरदाराच्याच दारावर असावी, असं थोडंच आहे?

तीन घाट ओळखता यायला लागले की फिरायला फार मजा येते. १८७० च्या दशकातली घरं इटलीच्या धर्तीची. सपाट माथा, छताखाली नक्षीदार घोडे आणि तिरप्या बाजू असलेली खिडकी. १८८० च्या दशकात खिडकीच्या बाजू काटकोनी झाल्या आणि उभ्याआडव्या पट्ट्यांची नक्षी आली. १८९० च्या दशकातली घरं सगळ्यांत नखरेल. त्यांना 'क्वीन अ‍ॅन' म्हणतात. उतरतं त्रिकोणी छप्पर, कोपऱ्याला गोल मनोरा आणि भिंतीवर माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या लाकडी चकत्या.

सगळ्यांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे भिंतीतून रस्त्याच्या बाजूला पुढे आलेली तीन बाजूंची खिडकी. प्लॉट अवघा पंचवीस फूट रुंद आणि शंभर फूट खोल. दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती. मग उजेड यायचा कुठून? म्हणून खिडकीच पुढे काढली. धुक्याच्या गावात जेवढं ऊन मिळेल तेवढं गोळा करायचं.

आणि नाताळात याच खिडकीत झाड ठेवतात. मला सगळ्यात आवडली ती ही गोष्ट. झाड घरातल्यांसाठी असतंच, पण ते रस्त्यावरून दिसेल असं ठेवायचं. संध्याकाळी पडदे बाजूला सारलेले असतात. पदपथावरून चालत गेलं की एकामागून एक उजळलेली झाडं दिसत जातात. कुठे नुसते पिवळसर दिवे, कुठे लाल-हिरवे, तर कुठे फांद्यांना मुलांनी कापलेली कागदी माणसं. छपराच्या कडेने, जिन्याच्या कठड्याने दिव्यांच्या माळा. दारावर हिरव्या फांद्यांचं गोल चक्र आणि त्याला लाल फीत. (आपल्याकडे असं गोल चक्र दुसऱ्याच प्रसंगाला वाहतात, त्यामुळे पहिल्यांदा जरा दचकायला होतं!) आपण आकाशकंदील माजघरात लावत नाही, दारातच टांगतो. येणाऱ्याजाणाऱ्याला उजेड दिसावा म्हणून. ती खिडकी पाहताना सारखं तेच मनात येत होतं.

ही झाडाची पद्धतही व्हिक्टोरिया राणीच्याच घरातून पसरली. मूळची ती जर्मन लोकांची. राणीचा नवरा अल्बर्ट जर्मन. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी, अल्बर्ट आणि मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी आहेत, असं चित्र छापून आलं. दोन वर्षांनी, १८५० मध्ये, तेच चित्र अमेरिकेत 'गोडीज लेडीज बुक' या बायकांच्या मासिकाने छापलं. पण छापताना गंमत केली. राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढून टाकला आणि अल्बर्टच्या मिशा उडवल्या! झालं चारचौघांसारखं अमेरिकन कुटुंब. त्या मासिकाच्या संपादक होत्या सेरा जोसेफा हेल नावाच्या बाई. लहान वयात पाच मुलांसह विधवा झालेल्या आणि लेखणीवर घर चालवणाऱ्या. हे चित्र तिथल्या घराघरांत पोहोचलं आणि झाडाची हौस पसरायला त्याचा मोठा हातभार लागला. बायकांच्या पानावर काय छापून येतं याला महत्त्व नसतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. झाडावर आधी खऱ्या मेणबत्त्या लावत. लाकडाचं घर, वाळत आलेलं झाड आणि त्यावर मेणबत्त्या, कल्पनेनेच अंगावर काटा येतो. विजेचे दिवे झाडावर पहिल्यांदा लागले ते १८८२ मध्ये न्यूयॉर्कला, एडिसनच्या एका सहकाऱ्याच्या घरी.

घर आतून कसं असतं ते पाहायचं तर फ्रँकलिन रस्त्यावरचं हास-लिलियेंथाल घर आहे. १८८६ मध्ये विल्यम हास या घाऊक किराणा व्यापाऱ्याने ते बांधलं. तो बव्हेरियातून आलेला ज्यू. पुढे त्याची मुलगी अ‍ॅलिस लिलियेंथाल १९७२ पर्यंत तिथेच राहिली. मग कुटुंबाने ते घर वारसा जपणाऱ्या संस्थेला दिलं आणि आता ते संग्रहालय आहे.

अशा घरांची रचना आपल्या जुन्या घरांशी ताडून पाहावी. पुढे पाहुण्यांचा दिवाणखाना. तिथे सगळं ठेवणीतलं. त्याच्या मागे सरकत्या दारापलीकडे घरच्यांची बैठकीची खोली. सणाला दारं भिंतीत सरकवली की दोन्ही खोल्या एक. म्हणजे ओसरी आणि माजघरच की! स्वयंपाकघर पार मागे, पाहुण्यांच्या नजरेआड. आणि तिथे कोण असायचं? या शहरातल्या श्रीमंत घरांत पुष्कळदा चिनी स्वयंपाकी आणि आयरिश मोलकरणी असत. नाताळच्या मेजवानीचं सगळं त्यांच्या हातचं. गंमत पाहा, १८८२ मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली, पण चिन्याच्या हातचं जेवण मात्र चालत होतं. नोकरांच्या खोल्या वरच्या माळ्यावर. खालून कितीही दिवे लागले तरी माझी नजर आपोआप माळ्याच्या छोट्या खिडकीकडे जायची.

सगळ्यांत प्रसिद्ध ओळ आहे अलामो स्क्वेअर या टेकडीवरच्या बागेसमोर, स्टायनर रस्त्यावर. उतारावर एकीला एक लागून उभी असलेली रंगीत घरं आणि मागे शहरातल्या उंच इमारती. हा फोटो तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिला असेल. या घरांना 'पेंटेड लेडीज' म्हणतात, म्हणजे रंगवलेल्या बायका. काही जण 'सात बहिणी' असंही म्हणतात. हे दुसरं नाव मला जास्त आवडलं. मॅथ्यू कॅव्हना नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने १८९२ ते १८९६ च्या दरम्यान ती बांधली आणि स्वतः कोपऱ्यावरच्या मोठ्या घरात राहिला. २०२० मध्ये त्यातलं एक साडेपस्तीस लाख डॉलरला विकलं गेलं. रुपयांत किती ते ज्याचं त्याने करावं, मी करायला गेले नाही.

बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यावर मनोऱ्याचं एक भलंथोरलं घर आहे. १८८९ मध्ये ते वेस्टरफेल्ड नावाच्या मिठाईवाल्याने बांधलं. पुढे तिथे रशियातून परागंदा झालेल्या लोकांचा क्लब झाला, मग जॅझ वाजवणाऱ्या कलावंतांच्या खोल्या झाल्या, साठच्या दशकात हिप्पी राहिले. एका घराने किती संसार पाहावेत!

इथे मला आपल्याच एका बाईंची आठवण झाली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं तिथे राहिल्या. गावोगाव भाषणं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे केले. १८८८ च्या अखेरीस त्या परत निघाल्या त्या सॅन फ्रान्सिस्कोच्याच बंदरातून, जपानमार्गे. पुढच्या वर्षी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि त्याच वर्षी त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तकही आलं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. हास यांचं घर तेव्हा दोनच वर्षांचं होतं, म्हणजे रमाबाईंच्या काळात ही घरं नवी कोरी होती, काहींना तर रंगही लागायचा होता. आपल्याला जे जुनंपुराणं म्हणून पाहायला नेतात, ते त्यांनी नवं म्हणून पाहिलं असेल. त्या पुस्तकात तिथल्या बायकांच्या संस्थांबद्दल त्यांनी भरभरून लिहिलंय. या घरांच्या पुढच्या कहाणीत नेमक्या त्याच येणार आहेत.

कारण ही घरं आपोआप टिकलेली नाहीत. दोनदा त्यांच्यावर घाला आला. पहिला निसर्गाचा. १८ एप्रिल १९०६ ला पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी भूकंप झाला. पाण्याच्या मोठ्या वाहिन्या फुटल्या आणि नंतर लागलेल्या आगी तीन दिवस जळत राहिल्या. तीन हजारांहून अधिक माणसं गेली, अठ्ठावीस हजार इमारती नष्ट झाल्या, निम्म्याहून जास्त शहर उघड्यावर आलं. व्हॅन नेस हा सव्वाशे फूट रुंद रस्ता. आग तिथे अडावी म्हणून त्याच्या एका बाजूचे बंगले सुरुंग लावून पाडले. त्यामुळे रस्त्याच्या पश्चिमेकडची वस्ती बऱ्याच अंशी वाचली. हास यांचं घर तिथून जेमतेम एका चौकावर आहे. अलामो स्क्वेअरच्या टेकडीवर बेघर झालेल्यांनी तंबू ठोकले होते. आज जिथे लोक फोटोसाठी दाटीवाटी करतात, तिथून तेव्हा जळतं शहर दिसत होतं.

दुसरा घाला माणसाचा, आणि तो जास्त सावकाश आला. आगीनंतर वाचलेल्या घरांवर माणसांचा लोंढा आला. एका घराचे चार भाग झाले, खोल्या भाड्याने गेल्या. वेस्टर्न अ‍ॅडिशन या मोठ्या वस्तीत जपानी कुटुंबं स्थिरावली होती. १९४२ मध्ये युद्धाच्या भीतीपोटी अमेरिकन सरकारने त्यांना उचलून छावण्यांत नेऊन ठेवलं, अगदी तिथेच जन्मलेल्या नागरिकांनासुद्धा. गोदीत जहाजं बांधायला दक्षिणेकडून कृष्णवर्णीय कामगार आले. १९४० मध्ये शहरात त्यांची संख्या पाच हजारही नव्हती, ती १९५० मध्ये चाळीस हजारांच्या वर गेली. इतर वस्त्यांत त्यांना कुणी घर देत नव्हतं, म्हणून ते इथे आले. त्यांनी दुकानं काढली, चर्चेस उभी केली, फिलमोर रस्त्यावरचे जॅझचे अड्डे देशभर गाजले.

घरांची रया मात्र गेली होती. नक्षी जुनाट वाटायला लागली म्हणून लोकांनी ती उखडून काढली आणि वर गिलावा नाहीतर अ‍ॅस्बेस्टॉसचे तुकडे ठोकले. उरलेली बरीचशी घरं करड्या रंगात बुडाली. आपल्याकडे नाही का, सागवानी खांबावर ऑइल पेंट फासतात आणि कौलं उतरवून पत्रे घालतात! तेव्हा तीच सुधारणा वाटते.

आणि सुधारणाच आली. पन्नासच्या दशकापासून 'शहर सुधारणा' या नावाखाली सरकारी यंत्रणेने ही वस्ती गलिच्छ ठरवली आणि बुलडोझर फिरवायला सुरुवात केली. गिअरी रस्ता रुंद करून हमरस्ता केला. एकामागून एक चौक साफ झाले. सुमारे अडीच हजार व्हिक्टोरियन घरं पाडली गेली, असा अंदाज आहे. चार हजारांहून जास्त कुटुंबं उठली. कित्येक जागा पुढे वर्षानुवर्षं तशाच मोकळ्या पडून राहिल्या.

हे चाललेलं असताना शहरातल्या काही बायका वह्या घेऊन बाहेर पडल्या.

त्या शहराला ही सवय आधीपासून होती. १९४७ मध्ये महापौरांनी चढावरच्या जुन्या केबल कार बंद करून बस आणायचं ठरवलं, तेव्हा फ्रीडेल क्लुसमन या बाईंनी सत्तावीस महिला संघटनांना एकत्र आणलं, सह्या गोळा केल्या, प्रश्न मतदानाला नेला आणि जिंकूनही दाखवलं. १९८६ मध्ये त्या वारल्या, तेव्हा केबल कारना काळ्या पट्ट्या बांधल्या होत्या.

साठच्या दशकात ज्युनिअर लीग या महिला संस्थेच्या कार्यकर्त्यांनी घरांची नोंद करायला घेतली. या बहुतेक खात्यापित्या घरच्या बायका, हेही सांगायला हवं. पण काम चिकाटीचं होतं. रस्त्या-रस्त्याने चालायचं, घराचा फोटो काढायचा. कोणी बांधलं, कधी, पुढे कोण राहिलं, हे जुन्या कागदांतून, नळजोडणीच्या नोंदींतून, म्हाताऱ्या शेजाऱ्यांकडून शोधायचं. अशी सुमारे अडीच हजार ठिकाणांची माहिती जमली. जेवढी घरं पडली, साधारण तेवढीच! १९६८ मध्ये त्यातून 'हिअर टुडे' नावाचं पुस्तक निघालं. नावातच सगळं आहे: आज इथे आहे. उद्याचं काय, ते वाचणाऱ्याने समजावं. १९७० मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी हे सर्वेक्षण अधिकृतपणे स्वीकारलं. वह्यांतल्या नोंदी आज तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. कुणीही जाऊन पाहू शकतं.

गेली पंधरा-सोळा वर्षं मी आमच्या महिला मंडळात काम करते. बचत गटाच्या वह्या, रेशनकार्डांच्या याद्या, पल्स पोलिओच्या वेळी घरोघर मारलेल्या खुणा, आमचा निम्मा जन्म नोंदी करण्यात गेला. यादी करणं हे कुणाला काम वाटत नाही. भाषण हे काम वाटतं, मोर्चा वाटतो. पण आमच्या पेठेत गेल्या दहा वर्षांत किती वाडे गेले असं विचारलं, तर नगरपालिकेतसुद्धा कोणी धड सांगू शकत नाही. कारण मोजलेच नव्हते.

याच सुमाराला घरांना रंग परत मिळाला. १९६३ मध्ये बुच कार्डम नावाच्या एका चित्रकाराने आपलं घर भडक निळ्या-हिरव्या रंगांत रंगवलं. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग हळूच आपल्याही घराला तसा रंग काढला. म्हणजे आज ज्याला आपण 'असली जुना थाट' समजतो, ते इतके सारे रंग खरं तर साठ वर्षांपूर्वीची कल्पना आहे. 'पेंटेड लेडीज' हे नावही १९७८ मध्ये निघालेल्या एका पुस्तकाने रूढ केलं. भाचीला हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना.

१९७४ मध्ये तर अजब प्रकार झाला. वेस्टर्न अ‍ॅडिशनमधली पाडायला निघालेली बारा घरं अख्खीच्या अख्खी पायावरून उचलली, ट्रकच्या गाड्यांवर ठेवली आणि दुसऱ्या रस्त्यांवर नेऊन बसवली. दुमजली लाकडी घर वळणावर हळूहळू वळतंय, खाली माणसं माना वर करून पाहतायत, असे त्या वेळचे फोटो आहेत. त्यातली घरं आजही उभी आहेत. नाताळात त्यांच्याही खिडकीत झाड लागतं.

मला मात्र ते फोटो पाहिल्यापासून एकच प्रश्न छळत होता. घर उचलून नेता आलं, मग घरातल्या माणसांचं काय झालं?

लेखक जेम्स बाल्डविन १९६३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आले होते. ही शहर सुधारणा म्हणजे काळ्या माणसांना हटवणं आहे, असं त्यांनी तेव्हाच रोखठोक सांगितलं होतं. वस्तीतली माणसंही गप्प बसली नव्हती. चर्चमधून त्यांनी संघटना बांधली, बुलडोझरसमोर उभी राहिली, कोर्टात गेली. आधी लोकांच्या राहण्याची सोय दाखवा, मग उठवा, असं म्हणत १९६८ मध्ये कोर्टाने काही काळ काम थांबवलंही. पण तोवर पुष्कळ वस्ती उठलेली होती आणि पुढेही उठत राहिली. ज्युनिअर लीगच्या वहीत घराची कमान होती, मनोरा होता, बांधणाऱ्याचं नाव होतं. त्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, शिवणकाम करून चार पोरं वाढवणाऱ्या बाईची नोंद कुठल्या वहीत होणार? मला त्या वह्यांबद्दल आदर आहे. पण त्यांच्यातलं हे रिकामं पानही दिसल्याशिवाय राहत नाही.

आज त्या भागात नाताळात फिरताना दोन्ही गोष्टी एकाच फेरीत दिसतात. एका बाजूला दिव्यांनी लखलखणारे मनोरे आणि थोडं खाली उतरलं की साठ-सत्तरच्या दशकात बांधलेल्या सिमेंटच्या चाळवजा इमारती. त्यांच्याही बाल्कन्यांना दिव्यांच्या माळा असतात, बरं का. प्लॅस्टिकचं झाड, कठड्याला बांधलेला सांताक्लॉज. फोटो काढायला तिकडे कुणी वळत नाही. आम्ही दोघी मात्र तिथेही बराच वेळ रेंगाळलो. बसस्टॉपवर पांघरुणात गुरफटून झोपलेली माणसंही दिसली. इतक्या श्रीमंत शहरात घर नसलेली माणसं इतकी, हे पचायला जड जातं.

उठवलेल्या कुटुंबांना त्या वेळी सरकारी यंत्रणेने एक कागद दिला होता. त्याला 'सर्टिफिकेट ऑफ प्रेफरन्स' म्हणतात. नवी घरं झाली की तुम्हाला पहिला हक्क, असं त्यावर लिहिलेलं. आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या दाखल्यासारखंच हे. हजारो कागद वाटले गेले, पण नवी घरं व्हायला इतकी वर्षं गेली की माणसं दुसऱ्या गावी पांगली, म्हातारी झाली, वारली. त्या कागदावर परत आलेले फार थोडे. तो कागद अजून रद्द झालेला नाही. अलीकडे कायदा बदलून तो हक्क मुला-नातवंडांनाही मिळालाय, आणि शहराचं गृहनिर्माण खातं जुन्या याद्या काढून त्या कुटुंबांचे पत्ते शोधतंय.